विमा कंपनीचे बाँड घेण्याआधी: सिनियर नोट्सचा कागद पायरीपायरीने कसा वाचायचा

फेब्रुवारीत नागपूरच्या धंतोलीतल्या माझ्या ऑफिसात एक निवृत्त शिक्षक आले. सोबत त्यांचे मेहुणे होते, काटोलकडे संत्र्याची बाग असलेले. सरांच्या मोबाइलवर कुणा एजंटाने दोन पीडीएफ पाठवल्या होत्या. दोन्हींचं नाव एकच ठेवलेलं: ‘इन्शुरन्स बाँड’. एक होती अमेरिकेतल्या एका विमा समूहाच्या सिनियर नोट्सची, म्हणजे कर्जरोख्यांची, दुसरी एका भारतीय विमा कंपनीच्या बाँडची. सरांनी पहिल्या पीडीएफवरच्या ‘सिनियर’ शब्दावर बोट ठेवलं आणि विचारलं, “मॅडम, सिनियर लिहिलंय. म्हणजे बुडालीच कंपनी, तर पहिला नंबर आपला ना?”

मी काही बोलायच्या आत मेहुणे म्हणाले, “अन् माह्या संत्र्याच्या विम्याचे पैसे? ते याच्या आंधी भेटतीन का मांगून?”

सगळा विषय त्या प्रश्नात आहे. विमा कंपनीला कर्ज देणारा एकटा नसतो. त्याच्या पुढे लाखो पॉलिसीधारक उभे असतात आणि कायदा त्यांच्या बाजूने असतो. ‘सिनियर’ हा शब्द फक्त कर्ज देणाऱ्यांच्या आपसातल्या रांगेपुरता असतो. त्या दिवशी दोन तास बसून आम्ही दोन्ही कागद ज्या क्रमाने वाचले, त्याच क्रमाने इथे लिहिते आहे.

पहिली पायरी: सही कोणाची, ते शोधा

व्याजदर सगळ्यात मोठ्या अक्षरात छापलेला असतो. तो सोडा आणि ‘इश्युअर’ (रोखे काढणारी, म्हणजे कर्ज घेणारी कंपनी) या शब्दासमोरचं पूर्ण नाव वाचा.

अमेरिकेत विमा समूह साधारण दोन मजल्यांचा असतो. खाली विमा कंपन्या: पॉलिसी विकणाऱ्या, हप्ते घेणाऱ्या, दावे देणाऱ्या. त्यांच्यावर त्या-त्या राज्याच्या विमा नियंत्रकाची देखरेख. वर होल्डिंग कंपनी, जिच्याकडे खालच्या कंपन्यांचे शेअर असतात आणि बहुधा जिचा शेअर बाजारात चालतो. सिनियर नोट्स सहसा ही वरची कंपनी काढते. तिच्याकडे स्वतःचे हप्ते येत नाहीत. तिची मिळकत म्हणजे मुख्यतः खालून येणारा लाभांश.

मग खालची विमा कंपनी स्वतःच कर्ज का घेत नाही? नियंत्रकाच्या हिशेबात साधं कर्ज हे देणं धरलं जातं, त्याने भांडवल वाढत नाही. तिथे ‘सरप्लस नोट’ नावाचा प्रकार आहे, तो भांडवलात धरतात, पण त्याचं प्रत्येक व्याज आणि मुद्दल द्यायला राज्याच्या नियंत्रकाची मंजुरी लागते. म्हणून सोयीचा रस्ता असा: वरच्या कंपनीने बाजारातून कर्ज घ्यायचं आणि तोच पैसा खाली भागभांडवल म्हणून घालायचा. वर कर्ज, खाली भांडवल. पैसा एकच, पण दोन ताळेबंदांत त्याचे दोन चेहरे. रेटिंग एजन्सीज याला डबल लेव्हरेज म्हणतात आणि त्यावर बारीक नजर ठेवतात.

भारतात चित्र वेगळं आहे. २०१५ च्या विमा कायदा दुरुस्तीनंतर आयआरडीएआयने, म्हणजे विमा नियामकाने, विमा कंपन्यांना इक्विटीखेरीज (साध्या शेअरखेरीज) प्रेफरन्स शेअर (साध्या शेअरच्या आधी लाभांश मिळणारे) आणि सबऑर्डिनेटेड डेट अशा दोन वाटा मोकळ्या केल्या. इथे कर्ज विमा कंपनी स्वतःच्या नावावर काढते, पण ते सबऑर्डिनेटेड, म्हणजे रांगेत मागचं. एचडीएफसी लाइफने २०२० मध्ये ६०० कोटी रुपये आणि त्याच वर्षी आयसीआयसीआय प्रुडेन्शियल लाइफने १,२०० कोटी रुपये याच वाटेने उभे केले.

सरांच्या एका पीडीएफवर होल्डिंग कंपनीची सही होती, दुसरीवर विमा कंपनीची. एजंटाने दोन्हींना एकच नाव दिलं होतं. हे दोन प्रकार एकाच टोपलीतले नाहीत, इथूनच फरक सुरू होतो.

दुसरी पायरी: रांग कागदावर काढा

हे डोक्यात करू नका, खरंच कागद घ्या. मी सरांच्याच वहीच्या मागच्या पानावर रेघा मारून दाखवलं.

भारतीय विमा कंपनी असेल तर रांग अशी: आधी पॉलिसीधारक, मग इतर घेणेकरी (ज्यांचं कंपनीकडून येणं आहे ते), मग सबऑर्डिनेटेड बाँडवाले, त्यांच्या मागे प्रेफरन्स शेअरवाले, शेवटी इक्विटीवाले. सर तिसऱ्या जागी. त्यांच्या मागे उभे असलेल्यांचं भांडवल ही त्यांची उशी.

अमेरिकन होल्डिंग कंपनीत एका रांगेऐवजी दोन रांगा काढाव्या लागतात. खालच्या कंपनीची मालमत्ता आधी तिच्या पॉलिसीधारकांची आणि तिच्या घेणेकऱ्यांची. ते सगळं भागून काही उरलं, तर मालक म्हणून ते होल्डिंग कंपनीकडे वर येतं, आणि तिथे सिनियर नोट्सवाल्यांची दुसरी रांग सुरू होते. त्या वरच्या रांगेत सर पुढे होते. पण ती रांगच खालची रांग संपल्यावर उघडते. प्रॉस्पेक्टसमध्ये (इश्यूच्या माहितीपत्रकात) हे ‘स्ट्रक्चरली सबऑर्डिनेटेड’ या दोन शब्दांत, बहुतेक वेळा जोखमींच्या भागात, लिहिलेलं असतं. ते शब्द शोधून अधोरेखित करा.

हे नुसतं पुस्तकी नाही. डिसेंबर २००२ मध्ये अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या कॉन्सेको या विमा समूहाच्या होल्डिंग कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. त्या देशातल्या तोवरच्या सर्वांत मोठ्या दिवाळखोऱ्यांपैकी ती एक होती. पण तिच्या विमा कंपन्या त्या अर्जात नव्हत्या. पॉलिसी चालू राहिल्या. तोटा वर बसलेल्या कर्जदात्यांनी आणि शेअरवाल्यांनी सोसला. अमेरिकेत विमा कंपनीला दिवाळखोरीचा सर्वसाधारण संघीय कायदा लागूच होत नाही, तिचा ताबा राज्याचा नियंत्रक घेतो आणि तो आधी पॉलिसीधारकाकडे पाहतो.

मेहुण्यांना मी सांगितलं, “तुमच्या बागेचा विमा या भारतीय कंपनीकडे असता, तर गारपिटीचे तुमचे पैसे आधी आणि भाऊजींच्या बाँडचे नंतर.” ते बराच वेळ त्या रेघांकडे पाहत होते. मग म्हणाले, “मंग बराबर आहे.”

एक गैरसमज इथेच दूर करते, कारण नागपुरात तो मला फार वेळा ऐकू येतो. एलआयसी कायदा १९५६ च्या कलम ३७ मध्ये केंद्र सरकारची हमी आहे. ती एलआयसीच्या पॉलिसींना, त्यांच्या विमा रकमेला आणि जाहीर झालेल्या बोनसला आहे. ‘विमा’ शब्द आला म्हणजे मागे सरकार उभं आहे, असं नाही. खासगी विमा कंपनीच्या बाँडमागे तर अजिबात नाही.

तिसरी पायरी: पैसा कशाला हवा आहे

‘यूज ऑफ प्रोसीड्स’ (उभारलेला पैसा कुठे वापरणार) हा परिच्छेद चार ओळींचाच असतो. जुनं कर्ज फेडण्यासाठी नवं घेत असतील तर एकूण बोजा तेवढाच राहतो. दुसरी कंपनी विकत घेण्यासाठी असेल तर बोजा वाढतो आणि ती खरेदी अंगाशी आली तर व्याज तुमच्याच वाट्याला अडतं. स्वतःचे शेअर परत घेण्यासाठी असेल तर मी हात आखडता घेते, कारण तुमच्या पैशाने तुमच्या मागची उशी पातळ केली जाते.

भारतात कारण बहुधा सॉल्व्हन्सी, म्हणजे देणी भागवण्याची ताकद, असतं. धंदा वाढला की त्या प्रमाणात भांडवल बाजूला ठेवावं लागतं. आयआरडीएआयची अट आहे की सॉल्व्हन्सी रेशो किमान १.५० हवा, म्हणजे गरजेच्या दीडपट भांडवल. भागधारकांचा हिस्सा पातळ न करता तो रेशो वर न्यायचा, तर सबऑर्डिनेटेड बाँड उपयोगी पडतात.

चौथी पायरी: व्याज येणार कुठून, याचा हिशेब

इथे वेळ द्या. चहा मागवून बसा, पण हे सोडू नका. आकडे उदाहरणापुरते घेते.

समजा अमेरिकन होल्डिंग कंपनीवर आधीच ८० कोटी डॉलरचं कर्ज आहे, सरासरी साडेचार टक्क्यांनी. वर्षाचं व्याज ३.६ कोटी. आता ती ५० कोटी डॉलरच्या दहा वर्षांच्या सिनियर नोट्स ५.७५ टक्क्यांनी काढते. त्याचं व्याज २.८७५ कोटी. एकूण ६.४७५ कोटी डॉलर दरवर्षी.

भागधारकांची इक्विटी ३९० कोटी डॉलर धरा. आधी कर्जाचं प्रमाण ८० भागिले ४७०, म्हणजे १७ टक्के होतं. आता १३० भागिले ५२०, म्हणजे २५ टक्के. एका सहीने एवढा फरक.

पुढचा प्रश्न जास्त महत्त्वाचा: खालून लाभांश किती येऊ शकतो? खालची कंपनी नफ्यात असली तरी सगळा नफा वर पाठवता येत नाही. नियंत्रकाची वेगळी परवानगी न घेता किती पाठवायचा याची मर्यादा साधारणपणे दोन आकड्यांवर ठरते: गेल्या वर्षअखेरच्या सरप्लसचे (देणी वजा जाता उरलेल्या मालमत्तेचे) १० टक्के आणि गेल्या वर्षीचं उत्पन्न. काही राज्यांत यातला मोठा आकडा धरतात, काही राज्यांत लहान. समजा आपल्या कंपनीसाठी ही मर्यादा २१ कोटी डॉलर आली. २१ भागिले ६.४७५, म्हणजे व्याजाच्या सव्वातीन पट. ठीक आहे. आता एखाद्या वर्षी मोठं चक्रीवादळ आलं आणि मर्यादा निम्म्यावर, साडेदहा कोटींवर आली, असं धरा. मग पट १.६ वर येते, आणि त्यातूनच होल्डिंग कंपनीचा खर्च आणि भागधारकांचा लाभांशही निघायचा आहे.

म्हणून आणखी एक आकडा शोधा: होल्डिंग कंपनीच्या स्वतःच्या हातात रोख किती. वर्षा-दीड वर्षाच्या व्याजाएवढी रोख वरच पडून असेल तर एक वाईट हंगाम निघून जातो.

भारतीय बाँडसाठी हिशेब सोपा, पण जास्त कडक. व्याज देताना सॉल्व्हन्सी ठरलेल्या पातळीच्या वर हवी. व्याज दिल्याने कंपनी तोट्यात जाणार असेल, किंवा असलेला तोटा वाढणार असेल, तर आयआरडीएआयची आधी परवानगी लागते. म्हणजे नियमाला धरूनच व्याज थांबू शकतं. ही कागदावरची भीती समजू नका. नॅशनल, ओरिएंटल आणि युनायटेड इंडिया या तीन सरकारी कंपन्यांची सॉल्व्हन्सी १.५० च्या खाली गेली, आणि २०१९-२० ते २०२१-२२ या तीन वर्षांत केंद्र सरकारला त्यांच्यात १७,४५० कोटी रुपये घालावे लागले. त्यांच्यामागे सरकार मालक म्हणून उभं होतं. खासगी कंपनीत तो मालक कोण आणि त्याचा खिसा किती खोल, हे तुम्हाला पाहायचं आहे.

थांबलेलं व्याज पुढे साठून मिळतं की कायमचं जातं, तेही कागदात शोधा. सापडलं नाही तर विकणाऱ्याकडून लेखी मागा.

पाचवी पायरी: दर कसा ठरला

अमेरिकेत आधी त्याच मुदतीच्या सरकारी ट्रेझरी रोख्याचा दर पाहतात आणि त्यावर कंपनीच्या जोखमीची भर घालतात. ट्रेझरी ४.२२ टक्के आणि भर १.५५ टक्के असेल तर परतावा ५.७७. कूपन (नोटेवर छापलेला व्याजदर) गोल आकड्यात ५.७५ ठेवतात, म्हणून नोट शंभराऐवजी साधारण ९९.८५ ला विकली जाते. दहा वर्षांच्या चांगल्या रेटिंगच्या नोटेवर बँकांचं कमिशन बहुधा ०.६५ टक्के. म्हणजे ५० कोटींमागे कंपनीच्या हातात सुमारे ४९.६ कोटी डॉलर पडतात, इतर खर्चाआधी.

यातून घ्यायची गोष्ट एकच: ५.७५ हा आकडा तुमच्या कामाचा नाही, १.५५ हा आहे. पॉलिसीधारकांच्या मागे दहा वर्षं उभं राहण्याची मजुरी तेवढीच. भारतीय बाँडचंही तसंच करा. त्याच मुदतीच्या सरकारी रोख्याचा दर वजा करून काय उरतं ते बघा आणि त्यासाठी झोप घालवायची का, ते ठरवा.

सहावी पायरी: पैसे परत कधी, आणि कोणाच्या मर्जीने

सिनियर नोट्समध्ये कंपनीला मुदतीआधी फेड करायचा हक्क असतो, पण ‘मेक-होल’च्या अटीने. उरलेलं सगळं व्याज आणि मुद्दल ट्रेझरी दर अधिक थोडी भर, अशा दराने आजच्या किमतीत आणून द्यावं लागतं, म्हणून ते कंपनीला महाग पडतं. मुदतीच्या शेवटच्या काही महिन्यांत, दहा वर्षांच्या नोटेत बहुधा तीन, दर्शनी किमतीला फेडता येते. कंपनीची मालकी बदलली आणि रेटिंगही घसरलं तर १०१ ला परत विकायचा हक्क काही नोट्समध्ये असतो. आपल्या कागदात आहे का, ते पाहा.

भारतीय जीवन आणि सर्वसाधारण विमा कंपन्यांच्या सबऑर्डिनेटेड बाँडची मुदत किमान दहा वर्षं. पाच वर्षांनंतर कॉल, म्हणजे मुदतीआधी फेडायचा कंपनीचा हक्क, आयआरडीएआयच्या संमतीने. तुमच्या हातात पुट नाही, म्हणजे पाच वर्षांनी मला पैसे हवेत असं तुम्ही म्हणू शकत नाही.

पाचच वर्षं का? मुदतीची शेवटची पाच वर्षं उरली की सॉल्व्हन्सीच्या हिशेबात त्या बाँडची दरवर्षी २० टक्के किंमत कमी धरली जाते. कंपनीला व्याज पूर्ण द्यावं लागतं, भांडवलाचा उपयोग मात्र घटत जातो. म्हणून सुदृढ कंपनी सहसा पाचव्या वर्षी कॉल करते आणि एजंट तुम्हाला पाच वर्षांचाच परतावा सांगतो. कंपनी अडचणीत असेल तर नेमकी तेव्हाच ती कॉल करणार नाही. सरांनी नातीच्या शिक्षणासाठी पाच वर्षांचं गणित मांडलं होतं. मी ते दहा वर्षांवर पुन्हा मांडायला लावलं. बसलं नाही.

सातवी पायरी: कोणतं रेटिंग दाखवताहेत

सरांच्या पहिल्या पीडीएफवर वरच्या कोपऱ्यात ‘ए’ छापलेला होता, हिरव्या चौकटीत. मी पीडीएफ मोठी करून खालची बारीक ओळ वाचली: ‘फायनान्शियल स्ट्रेंग्थ रेटिंग’. एएम बेस्टसारख्या एजन्सीज हे रेटिंग विमा कंपनीला देतात आणि ते सांगतं की पॉलिसीधारकाचे दावे भागवायची तिची ताकद किती. नोट्सचं रेटिंग वेगळं असतं आणि होल्डिंग कंपनीच्या बाबतीत ते साधारण काही पायऱ्या खाली असतं, कारण दुसऱ्या पायरीत काढलेली ती दुहेरी रांग. मेहुण्यांना उपयोगी पडणारं रेटिंग सरांना दाखवलं गेलं होतं. याचा मला खरोखर राग आला. नेहमी विचारा: हे रेटिंग या बाँडचं आहे की कंपनीचं? भारतात क्रिसिल, इक्रा, केअर, इंडिया रेटिंग्ज यांच्या संकेतस्थळावर त्या इश्यूचं रेटिंग आणि त्यामागची कारणं मोफत वाचता येतात. कारणांचा भाग अक्षरापेक्षा महत्त्वाचा.

आठवी पायरी: करारातली कुलपं

अमेरिकन नोट्सच्या कराराला इंडेंचर म्हणतात. १९३९ च्या ट्रस्ट इंडेंचर कायद्यानुसार नोटधारकांच्या वतीने एक ट्रस्टी असतो. व्याज चुकलं की साधारण ३० दिवसांची सवलत, मग डिफॉल्ट, आणि बहुधा २५ टक्के नोटधारकांनी मागणी केली तर सगळं मुद्दल एकदम देय होतं. कुलपं मात्र मोजकीच असतात: महत्त्वाच्या उपकंपन्यांचे शेअर गहाण ठेवायला मनाई, विलीनीकरणाच्या अटी, एवढंच. आणखी कर्ज काढायला सहसा बंदी नसते, म्हणजे तुमच्या बरोबरीने रांगेत आणखी माणसं येऊ शकतात.

कलम न वाचता उच्च व्याजावर विसंबल्याची किंमत आपल्याकडे बँकेच्या बाँडमध्ये दिसली आहे. मार्च २०२० मध्ये येस बँकेचे ८,४१५ कोटी रुपयांचे एटी-वन बाँड (बँक अडचणीत आली तर बुडवता येणारे) शून्य केले गेले आणि प्रकरण न्यायालयात गेलं. ते बाँड वेगळ्या जातीचे होते, पण अनेक वृद्धांना ते ‘एफडीसारखं’ म्हणून विकले गेल्याच्या तक्रारी होत्या, आणि तोच शब्द मी फेब्रुवारीत सरांच्या तोंडून ऐकला.

कर आणि खरेदीचं थोडक्यात

भारतीय लिस्टेड बाँडच्या व्याजावर एप्रिल २०२३ पासून १० टक्के टीडीएस आहे, आणि ते व्याज तुमच्या स्लॅबनेच करपात्र. जुन्या अनेक इश्यूंत एक बाँडच १० लाखांचा आहे. अमेरिकन नोट्स घ्यायच्या तर एलआरएसखाली (परदेशात पैसे पाठवायच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली) वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा, ब्रोकरकडे डब्ल्यू-८बेन फॉर्म (आपण अमेरिकन करदाते नाही, हे सांगणारा), आणि इथल्या रिटर्नमध्ये परदेशी मालमत्तेची नोंद. ती राहिली तर नोटीस येते, आणि ती निस्तरण्यात परताव्याहून जास्त जातं. रुपया-डॉलरची चढउतार वेगळीच.

सरांनी त्या दिवशी काही घेतलं नाही. एवढ्या हिशेबानंतर त्यांना असे बाँड थोडेसे डेट फंडातून (अनेक कंपन्यांचे रोखे घेणाऱ्या म्युच्युअल फंडातून) घेणं पटलं, कारण फंडात एकाच कंपनीच्या रांगेत उभं राहावं लागत नाही. मात्र त्या भारतीय कंपनीवर त्यांचं लक्ष आहे. विमा कंपन्या दर तिमाहीला संकेतस्थळावर पब्लिक डिस्क्लोजर टाकतात. सर त्यातला सॉल्व्हन्सी रेशो शोधून वहीच्या त्याच मागच्या पानावर, रेघांच्या खाली, तारखेसह लिहून ठेवतात.